पंचमीचा दोडका

“वहिनी, तुमच्या गच्चीवर गाय मेलीया का काय ओ?”

चौगुले वहिनी मधल्या कठड्यावरून विचारत होत्या, पदर नाकाला लावून. मी निळ्या पिंपात बांबू घालून ढवळत होते. माझ्याही नाकावर नवऱ्याचा जुना रुमाल बांधलेला होता.

“गाय ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “तिचं फक्त शेण आणि गोमूत्र आहे. त्यात गूळ आणि बेसन. ह्याला जीवामृत म्हणतात.”

“अमृत?” वहिनींनी पिंपात डोकावून पाहिलं आणि लगेच मागे सरकल्या. “अवो, आमची झोपायची खिडकी हितंच हाय. काल आमचे हे ताटावरनं उठून बघाय गेले, गटार फुटलंय का म्हनून. आता काय सांगू, अमृत हाय?”

“सांगा. आणि म्हणावं, अजून मुरायचंय.”

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं होतं ते आमचे हे, म्हणजे दिगंबर, त्या वेळी कॉलेजात अकरावीच्या मुलांना गतीचे नियम शिकवत होते. कल्पना त्यांची आणि ढवळणं माझं, अशी आमच्या घरात लग्नापासूनची वाटणी आहे.

पण खरं निमित्त माईंचं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. संगमेश्वराकडे एका वाडीत त्या एकट्या राहायच्या. त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात विहिरीवर पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. कुणाचीशी म्हैस सुटली होती, तिला शोधत एक बाई तिकडे आली म्हणून सापडल्या. तोवर सकाळपासून तिथंच पडून होत्या. मग ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली आणि आम्ही त्यांना सांगलीला आमच्या रो-हाउसमध्ये आणलं. हातात काठी आल्याबरोबर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते म्हणजे, “मी जाते आता.”

“कुठे जाताय?” मी विचारलं.

“घरी. इथं काय आहे गो? खिडकी उघडली की चौगुल्यांची भिंत. परसू नाही, माती नाही. ऋषिपंचमीला माणसानं खायचं काय?”

ऋषिपंचमी हा माईंचा हळवा कोपरा. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं लावलेलं किंवा आपलं आपण उगवलेलं, परसातलं तेवढं खायचं, हा नेम त्यांनी लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. दिगंबरनी त्यावर शास्त्रीय तोडगा काढला.

“माई, हल्ली नांगराला बैल धरतं कोण? सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे मंडईतली कुठलीही भाजी तुला चालते. बैलाचा संबंधच उरला नाही.”

माईंनी मुलाकडे पाहिलं. “दिगू, तू कॉलेजात लागलास ते बरं झालं हो. ऋषींच्या आश्रमात तुला कुणी ठेवून घेतलं नसतं.”

मग त्यांनीच अट घातली. “गच्ची आहे ना एवढी? लावा तिथं काहीतरी. पंचमीच्या भाजीत ह्या घरात पेरलेलं एक जरी पडलं, तरी मी इथं राहते. जिथं एक वेल धरत नाही तिथं मी म्हातारी काय धरणार? नाही आलं तर सुधाकरच्या गाडीतून जाते.”

सुधाकर त्यांचा पुतण्या. तो सोलापूरला असायचा, गौरींसाठी दरवर्षी वाडीत जायचा आणि पंचमीला दुपारी सांगलीवरूनच जाणार होता. म्हणजे शिक्षेची तारीखसुद्धा ठरली.

मी ऑफिसात, माहेरी, चौगुले वहिनींकडे, सगळीकडे सांगत होते की जाऊ द्यात त्यांना जायचं तर. चहात आलं कमी पडलं की ऐकून घ्या, पोळी जाड झाली की ऐकून घ्या, कुणी सांगितलंय! पण डोळे मिटले की मला ती विहीर दिसायची. आणि दुसरं असं की संध्याकाळी मी ऑफिसमधून येऊन कुलूप उघडायची तेव्हा आत कुणी नसायचं, ह्याची मला इतकी वर्षं सवय झाली होती, आणि ती सवय माईंनी महिन्याभरात मोडून टाकली होती. मला त्या जायला नको होत्या. हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, “बरं बरं, कुकर बघ.”

तर बाग.

ज्यांनी रविवारच्या पुरवणीत ‘गच्चीवर फुलवा हिरवं स्वप्न’ असले लेख वाचलेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तेवढ्यावरच समाधान मानावं. लेखासोबतच्या फोटोत एक बाई पांढरा कुर्ता घालून, हसत, टोमॅटो तोडत असते. त्या बाईनं माती वर कशी नेली हे कुणी लिहीत नाही. आमच्या गच्चीला बाहेरून लोखंडी जिना आहे, अरुंद आणि गंजलेला. त्यावरून मातीची पोती आम्ही दोघांनी नेली. दिगंबर मागून ‘गुरुत्वमध्य सांभाळ’ असं सांगत होते. पोतं फोडल्यावर त्यात लाल माती निघाली खरी, पण वरची निम्मी विटांची भुकटी होती. खालची निम्मी बांधकामाचा राडारोडा, त्यात एक नळाची तोटी. तोटी चांगली होती, आम्ही ती मोरीत बसवली. बागेचं हे पहिलं उत्पन्न.

मग पेरणी. लाल माठ छान उगवला, आणि एका पावसाळी सकाळी पाहते तर नुसत्या काड्या. रात्रीत गोगलगायींनी पंगत उठवली होती. दिगंबरनी इंटरनेटवर वाचून त्यांच्यासाठी बशीत बिअर ठेवली. गोगलगायी आल्या, बिअर प्यायल्या आणि उरलेला माठ खाऊन गेल्या. भेंडीवर पांढरा पिठ्या आला. तो मी जुन्या टूथब्रशनं एकेक पानावरून घासून काढायची. ऑफिसात साहेब मला ‘नखांना काय झालंय’ असं विचारायचे. मक्याचे दाणे उंदरांनी इतक्या शिस्तीत उकरून नेले की एकही खड्डा चुकला नाही.

भोपळ्याचा वेल मात्र जोरात होता. पानं सुपाएवढी, रोज पिवळीधमक फुलं. दिगंबर लुंगी नेसून रोज सकाळी रंगकामाचा ब्रश घेऊन वर जायचे, परागीभवन करायला.

“काय झालं?” मी विचारायची.

“सगळी नर फुलं आहेत,” ते म्हणायचे.

“उद्या मादी येईल.”

“तू काल हेच म्हणालीस.”

दोडक्याचा वेल शेवटच्या कुंडीत होता, कठड्याच्या कोपऱ्यात. त्याला निदान मादी फुलं यायची. बोटाएवढा दोडका धरायचा, दोन दिवस आम्हाला आशेला लावायचा आणि पिवळा पडून गळायचा. माई खालून, जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून, बातमी विचारायच्या. त्यांना जिना चढायची डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, आणि त्या स्वतःच म्हणायच्या, “मेला तो जिना! मला मारायचं असेल तर चढवा.”

“आज काय?”

“आज गळला.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये त्यांना नक्की काय वाटत होतं ते मला कळायचं नाही. मला वाटायचं, सुटका होतेय म्हणून आनंदच झाला असेल.

एकच गोष्ट न लावता उगवली. मागच्या दाराशी, मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं अळू आलं. हिरवंगार, भरदार. मी ते माईंना दाखवलं.

“हे धरा की. आपल्याच घरातलं आहे.”

“अळू काय उकिरड्यावरही येतं. पेरलेलं म्हणाले होते मी.” त्यांनी काठीनं पान वर केलं. “खायला चांगलं आहे हो. पण अटीत नाही.”

गणपतीच्या आदल्या दिवशी गच्चीनं आणखी एक प्रसाद दिला. एवढ्या कुंड्यांचं पाणी मुरून स्लॅब गळायला लागला, आणि गळला तो नेमका मखराच्या वर. दिगंबरनी मखर भिंतीकडे सरकवलं, थेंबही सरकला. शेवटी मखराच्या वरून छत्री टांगली. आलेगेले विचारायचे, यंदा देखावा कशाचा आहे? दिगंबर सांगायचे, जलसंधारण.

चतुर्थीच्या सकाळी माई ओट्याशी बसून कापसाची वस्त्रं करत होत्या. बोटांनी पीळ घालायचा, मध्ये मध्ये कुंकवाचं बोट लावायचं. त्यांची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती. मी येताजाता तिला ठेचकाळत होते आणि दर वेळी बाजूला सरकवत होते. तेवढ्यात चौगुले वहिनी फाटकापाशी येऊन माईंच्या हातात एक कागदी पुडकं देऊन गेल्या.

“काय आणलं?” मी विचारलं.

“दूर्वा,” माई म्हणाल्या आणि पुडकं पदराखाली गेलं.

दूर्वा तर सकाळीच आल्या होत्या. पण मोदकांची उकड हातात असताना सासूबाईंची उलटतपासणी कोण घेतो?

संध्याकाळी मंडईत गेले तेव्हा लाल माठाची एक जुडी दिसली, मुळांसकट. माती लागलेली. मी ती बघत उभी राहिले. ही जुडी उद्या पहाटे कुंडीत खोचली, थोडं पाणी मारलं, आणि माईंसमोर उपटून नेली तर? पेरलेली होतीच की, कुणीतरी कुठेतरी. मी ती पिशवीच्या तळाशी घातली. घरी आले तर दिगंबर स्वयंपाकघरात काळा दोरा शोधत होते.

“कशाला हवाय?”

“प्रयोगाला,” ते म्हणाले.

“सुट्टीत?”

“विज्ञानाला सुट्टी नसते.”

पंचमीला सगळे उठायच्या आत मी माठ पदरात धरून जिना चढले. झिमझिम पाऊस पडत होता, जिना ओला होता. वर जाऊन पाहते तर भोपळ्याच्या वेलाला पडवळ लागलेलं. हातभर लांब, सरळ, कारण खालच्या टोकाला दगडही बांधला होता, पडवळ वाकडं होऊ नये म्हणून बागाईतदार बांधतात तसा. वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याची गाठ. फिजिक्सच्या माणसानं दगड विसरला नव्हता, वेल तेवढा चुकला होता. मी तिथंच हसत सुटले. पडवळाचा वेल आमच्या गच्चीवर नव्हताच, पण अंधारात ह्यांच्या दृष्टीनं वेल म्हणजे वेल.

हसता हसता मी माठ खोचायला कोपऱ्यातल्या कुंडीकडे वळले आणि थांबले.

दोडक्याच्या वेलाला दोडका होता.

चांगला वीतभर, कोवळा, पानांच्या आड लोंबत. मला क्षणभर खरंच वाटलं. मी पान बाजूला केलं. देठ लांब होता, आणि तो वेलाला पांढऱ्या कापसाच्या दुहेरी पिळानं बांधला होता. पावसानं कापूस भिजला होता, आणि कुंकवाची बोटं पाघळून दोडक्याच्या शिरांवरून गुलाबी ओघळ खाली आले होते.

मी खाली जिन्याकडे पाहिलं. ओल्या लोखंडावर, अगदी वरच्या पायरीपर्यंत, गंज पुसल्यासारखे पट्टे उठले होते. चालत चढलं की पावलं उठतात, माझी उठली होती तशी. हे बसून चढलेलं होतं. एकेक पायरी, पाठ जिन्याकडे, हातानं कठडा धरून, प्लेट घातलेला पाय पुढे सोडून. आणि तसंच खाली. मी त्या कुंडीच्या काठावर बसले आणि रडले, माठाची जुडी मांडीवर घेऊन.

त्यांना जायचं नव्हतं. जायचं नव्हतं, आणि तसं म्हणायचंही नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी घाईनं कापूस सोडवून मुठीत घेतला. दिगंबर चोरासारखे वर आले. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या दोडक्याकडे पाहिलं.

“अरे,” ते कुजबुजले. “तूपण?”

“हो,” मी म्हटलं.

“आणि योग्य वेलाला!” त्यांनी त्यांच्या पडवळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “भोपळा आहे का तो?”

“भोपळा आहे.”

“आता राहू दे. सांगू काहीतरी.”

माई स्वयंपाकघरात विळी घेऊन बसल्या होत्या. नेहमीच्या हिरव्या लुगड्यात, जशा काही रात्रभर जागच्या हलल्या नाहीत.

“माई,” मी म्हटलं, “दोडका धरला.”

“हो?” त्यांनी हात पुढे केला. एवढं आश्चर्य मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. “बघू. अगो बाई! कालपर्यंत काही नव्हतं म्हणालीस ना?”

“पानाआड होता. दिसला नाही.”

“असतात हो असे. लपून राहतात.” त्यांनी शिरांवरून बोट फिरवलं. मी दोडका नळाखाली धुतला होता, तरी एका खोबणीत थोडं कुंकू राहिलं होतं. ते त्यांनी अंगठ्यानं पुसून टाकलं. “कोवळा आहे. चांगला धरला.”

मग दिगंबरनी पडवळ पुढे केलं. माईंनी ते हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हे कशाला लागलं?”

“त्या मोठ्या पानांच्या वेलाला.”

“भोपळ्याच्या?”

“हो. म्हणजे, संकर झाला असावा.”

“तुमच्या कॉलेजात होत असेल.” माईंनी पडवळ बाजूला ठेवलं. “हे उद्या तुम्ही दोघं खा. आज नको. ऋषींना समजायला जड जाईल.”

दिगंबरचा जीव अजून टांगणीला होता. “पण माई, दोडका तर चालेल ना? पेरलेला आहे. अटीप्रमाणे.”

माईंनी दोडका विळीवर धरला आणि शिरा काढायला घेतल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “सुधाकरला फोन लाव. म्हणावं, परस्पर जा. उगाच वाकडी वाट कशाला?”

दिगंबर फोनकडे धावले. मी दाराशी गेले, माईंची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत पलंगाखाली सारली. परत आले तर माई काहीतरी घ्यायला उठल्या होत्या, पाठमोऱ्या. लुगड्याला मागून गंजाचे तांबडे डाग होते, कमरेपासून खालपर्यंत.

“माई, लुगडं बदला,” मी म्हटलं. “ओलं आहे मागून. मी धुवायला टाकते.”

त्यांनी मागे वळून लुगड्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“धू हो,” म्हणाल्या. “पण डाग जायचे नाहीत ते.”

“मग राहू देत.”

भाजी छान झाली. दिगंबरनी तीनदा घेतली आणि दर घासाला ‘घरच्या भाजीची चव वेगळीच’ असं मला डोळा मारत म्हणत राहिले. मी माईंचं ताट बघत होते. त्यांनी दोडका घालण्याच्या आधीच वाटीभर अळू वेगळं काढून ठेवलं होतं, मोरीपाशी आपलं आपण आलेलं. वरीच्या भाताशी त्यांनी तेवढंच खाल्लं.

“माई, दोडका घे ना,” दिगंबर म्हणाले.

“दाताला लागतो,” माई म्हणाल्या. “तुम्ही खा.”

नेम त्यांनी त्याही वर्षी मोडला नाही. फसवलं ते फक्त आम्हाला.

दुपारी मी लुगडं वाळत घालत होते तर चौगुले वहिनी कठड्यापाशी आल्या.

“आज्जींचा दोडका चांगला निघाला का ओ? एकच आणाय सांगिटलेला. आनि देठ लांब बघून आण म्हनल्या. मी म्हनलं, देठाचं काय करत्यात ह्या?”

“भाजीला चव येते,” मी म्हटलं.

“व्हय? मी टाकूनच देत होते की बघा इतकी वर्सं.”

पिंप मी त्याच आठवड्यात रिकामं केलं. स्लॅबला डांबर मारून घेतलं आणि कुंड्या वाटून टाकल्या. दिगंबरना वाटलं, माझा बागेतला रस संपला. मीही तसंच सांगितलं. फक्त दोडक्याची कुंडी ठेवली, आणि पुढच्या पावसाच्या आधी ती ओढत ओढत खाली आणली. मागच्या दाराशी, अळवाच्या शेजारी, जिथं एकही पायरी चढावी लागत नाही आणि बसायला खुर्ची टाकता येते. दिगंबर तिथं उभे राहून मला सूर्यप्रकाशाच्या कोनावर भाषण देऊ लागले.

“वृंदा, इथं दिवसभरात ऊन येत नाही. चौगुल्यांच्या भिंतीची सावली आहे. इथं ह्या वेलाला दोडका लागणं अशक्य आहे.”

“पंचमीला एक लागेल,” मी म्हटलं.

माई होत्या तोवर दर वर्षी लागला.